मागच्या चाकाचे स्पोक पुन्हा पुन्हा तुटतायत? नवं चाक घेण्याआधी हे तपासा

एक स्पोक तुटतो. तो बदलून, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून चाक परत बसवलं जातं. थोड्या दिवसांत शेजारचा तुटतो, मग त्याच्या पलीकडचा. तिसऱ्या खेपेला मालक ठरवून टाकतो की चाकच कमकुवत आहे, आणि विचारतो, 'आता कोणतं चाक घेऊ?' माउंटन बाइक दुरुस्त करताना हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. उत्तर देण्याआधी मी एकच गोष्ट मागतो: तुटलेला स्पोक. दोन्ही तुकडे मिळाले तर उत्तम. बहुतेक वेळा दोष रिमचा (टायर बसतो त्या कड्याचा) नसतो, हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) नसतो आणि स्पोकच्या दर्जाचाही नसतो. चाक बांधताना ताण कमी राहिलेला असतो, किंवा सगळीकडे सारखा दिलेला नसतो. अशाच पद्धतीने बांधलेलं महागडं चाकही तसेच स्पोक तोडेल.

तक्रार मागच्याच चाकाची का येते, हेही आधी समजून घ्यायला हवं. स्वाराच्या वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर असतो आणि पेडलचा जोरही तिथूनच जमिनीपर्यंत जातो. त्यात उजवीकडे कॅसेटला (स्प्रॉकेट म्हणजे दातेरी चकत्यांच्या संचाला) जागा द्यावी लागते, म्हणून हबची उजवी कड आत सरकलेली असते. उजवे स्पोक जवळजवळ उभे राहतात, डावे तिरपे. रिम मध्यावर ठेवायची तर उजव्यांना खूप ताण द्यावा लागतो आणि डावे त्या मानाने सैल राहतात. डाव्यांचा ताण उजव्यांच्या साधारण अर्धा ते दोन तृतीयांश असणं मागच्या चाकात नेहमीचं आहे. त्यामुळे उजव्या बाजूला आधीच ताण कमी असला, तर डावीकडे जवळजवळ काहीच उरत नाही.

लक्षणं

- स्पोक मोठ्या आपटण्याने तुटत नाही. सरळ रस्त्यावर, साध्या चढावर 'टंग' असा आवाज येतो आणि चाक लडबडायला लागतं.
- तुटणारे स्पोक बहुतेक एकाच बाजूचे असतात.
- आऊट काढल्यावर दोन-चार फेऱ्यांत चाक पुन्हा आऊट जातं.
- उभं राहून पेडल मारलं की मागून टिकटिक येते, पेडल थांबवलं की बंद होते.
- वळणावर मागची बाजू बाजूला झुकल्यासारखी वाटते, हवा पुरेशी असूनसुद्धा.

डिस्क ब्रेकच्या बाइकवर यातलं बरंच काही उशिरा कळतं. रिमला ब्रेक लागत नसल्यामुळे चाक तीन-चार मिलिमीटर आऊट गेलं तरी काही घासत नाही. म्हणून एक स्पोक तुटलेला असताना लोक बरेच दिवस बाइक चालवत राहतात आणि त्याचा भार शेजारचे स्पोक उचलतात. उलट, डिस्क घासण्याचा आवाज येत असेल तर तो रिम आऊट गेल्यामुळे येत नाही. रोटर (ब्रेकची चकती) वाकलेला असतो, कॅलिपर (चकती दाबणारा भाग) सरकलेला असतो किंवा हबला खेळ (ढिलेपणा) आलेला असतो. त्यासाठी स्पोक पिळत बसू नका.

पहिली तपासणी: स्पोक नेमका कुठे तुटला?

याला पैसा लागत नाही आणि अवजारही लागत नाही. तरी सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. तुटलेला स्पोक फेकू नका.

हबजवळच्या बाकावर, म्हणजे स्पोक जिथे काटकोनात वळून हबच्या छिद्रात शिरतो तिथे तुटला असेल, तर तो थकून तुटला आहे. धातू एका झटक्यात गेलेला नाही, हजारो वेळा थोडाथोडा वाकून गेला आहे. तुटलेलं टोक उजेडात धरून पाहा. बऱ्याचदा त्यावर एक गुळगुळीत, काळपट भाग दिसतो आणि एक ताजा, खरखरीत चमकणारा. काळपट भाग म्हणजे जुनी भेग, जी आतल्या आत वाढत होती. वारंवार तुटणाऱ्या स्पोकचं हे सगळ्यात नेहमीचं चित्र आहे आणि त्याचा पहिला संशयित म्हणजे कमी ताण.

मधोमध तुटला असेल तर बाहेरून काहीतरी लागलं आहे: काटकी, दगड, किंवा घसरलेली चेन. अशा वेळी चाकाला दोष देण्याचं कारण नाही. तो एक स्पोक बदला आणि पुढे चला.

निपलजवळच्या (रिमपाशी स्पोक आवळणारं छोटं नट म्हणजे निपल) आट्यांवर तुटला असेल तर स्पोक निपलमध्ये वाकडा शिरत होता, किंवा लांबीला कमी होता. स्पोकचं टोक निपलच्या डोक्यापर्यंत पोचायला हवं. ते मधेच संपत असेल तर सगळा भार थोड्याच आट्यांवर येतो.

स्पोक शाबूत आणि निपलचं डोकं तुटून टायरच्या आत पडलेलं असेल, तर निपल अ‍ॅल्युमिनियमचं आहे का ते बघा. अ‍ॅल्युमिनियमची निपलं हलकी असतात, पण ओल आणि मीठ यांनी पोखरली जातात. रिमच्या टेपमधून गळून आत साचलेलं ट्यूबलेसचं सीलंटही त्यांना खातं. आखूड स्पोक आणि अ‍ॅल्युमिनियमचं निपल एकत्र आले तर डोकं तुटणारच. पितळी निपलं थोडी जड, पण वर्षानुवर्षं टिकतात. माउंटन बाइकसाठी माझी निवड कायम पितळी.

दुसरी: हवा

ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा फार कमी ठेवली तर दगडाचा मार थेट रिमवर बसतो. रिमची कड आत जाते आणि त्या जागचे स्पोक ढिले पडतात. हवा फार जास्त ठेवली तर टायर काहीच गिळत नाही आणि प्रत्येक खड्डा चाकाला जसाच्या तसा पोचतो. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल आणि किमान मर्यादा पाहा, रिमवर वेगळी मर्यादा लिहिली असेल तर दोन्हींतली कमी ती कमाल धरा. हवा अंगठ्याने दाबून न ठरवता गेजने मोजा. रुंद टायर २५ पीएसआयला आणि ४० पीएसआयला बोटाला सारखाच कडक वाटू शकतो.

तिसरी: हाताने ताण बघा

बाइक उलटी करा किंवा कशाला तरी टांगा. एकाच बाजूचे दोन शेजारचे, जवळजवळ समांतर जाणारे स्पोक मुठीत धरून दाबा. मग पुढची जोडी, असं पूर्ण चाकभर. उजवी बाजू झाली की डावी. आकडा माहीत असायची गरज नाही, फरक हाताला कळतो. एखादी जोडी इतरांपेक्षा सहज दबत असेल तर तिथे खडूची खूण करा.

नंतर प्रत्येक स्पोक नखाने किंवा पान्याच्या टोकाने वाजवा. ताण जास्त तितका सूर वर. एकाच बाजूच्या स्पोकची आपसात तुलना करायची. मागच्या चाकात डावा सूर उजव्यापेक्षा खाली लागणारच, तो दोष नाही. डिस्क असलेल्या पुढच्या चाकात हे उलट असतं, तिथे रोटरकडची म्हणजे डावी बाजू जास्त ताणलेली असते. एखादा स्पोक सूर न देता नुसता 'थप्प' वाजला तर तो ढिला आहे.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण कमी ताणामुळे स्पोक तुटतो हे ऐकल्यावर बरेच जण मान हलवतात. ताण जास्त असेल तर तुटेल, कमी असेल तर का तुटावा? चाक जमिनीला टेकतं तिथे रिम किंचित आत दाबली जाते आणि त्या क्षणी खालच्या स्पोकचा ताण उतरतो. चाक पुढे फिरलं की तो परत चढतो. २९ इंची चाकाचा घेर साधारण २.३ मीटर असतो, म्हणजे एका किलोमीटरमध्ये प्रत्येक स्पोक ४३० च्या आसपास वेळा सैल होतो आणि ताणला जातो. हजार किलोमीटरमध्ये हे सव्वाचार लाखांच्या वर जातं. मुळात भरपूर ताण असेल तर उतरल्यावरही थोडा शिल्लक राहतो आणि स्पोकचा बाक हबच्या छिद्रात घट्ट बसून असतो. मुळातच ताण कमी असेल तर खाली आल्यावर तो शून्याला टेकतो, बाक छिद्रात हलतो आणि पुन्हा झटका बसून ओढला जातो. तारेचा तुकडा हाताने पुढेमागे वाकवून तोडतो तसंच हे, फक्त वाकणं डोळ्यांना दिसत नाही इतकं लहान असतं. ताण शून्याला टेकला की निपलंही आपोआप सैल होत जातात. म्हणून आऊट काढलेलं चाक परत आऊट जातं.

चौथी: चाक नीट बसलंय का, हबला खेळ आहे का?

क्विक रिलीज (लिव्हरने आवळायचं चाक) असेल तर लिव्हर उघडून, बाइक जमिनीवर उभी ठेवून चाक खाचेत पूर्ण बसू द्या आणि लिव्हर परत बंद करा. बंद करताना तळहातावर तिचा वळ उमटावा इतका जोर लागला पाहिजे. थ्रू अ‍ॅक्सल (आरपार जाऊन आट्यांनी आवळला जाणारा दांडा) असेल तर त्यावर किंवा फ्रेमवर किती न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचा ते बहुतेक लिहिलेलं असतं, तेवढाच आवळा.

मग रिम वरच्या बाजूला धरून डावी-उजवीकडे हलवा. 'कट्‌ कट्‌' असा खेळ जाणवला तर हबचे कोन (बेअरिंग आवळणारे नट) सैल आहेत किंवा बेअरिंग झिजलं आहे. चाक बाजूला डुलत असेल तर डावे-उजवे स्पोक आळीपाळीने ताणले आणि सोडले जातात, म्हणून स्पोक तुटण्याच्या तक्रारीत हेही बघायचं. छर्रे असलेल्या हबचा खेळ पातळ कोन पान्यांनी काढता येतो, पण क्विक रिलीजच्या चाकात एक गोष्ट लक्षात ठेवा: लिव्हर बंद केल्यावर अ‍ॅक्सल किंचित दाबला जातो. म्हणून चाक बाहेर असताना अगदी कणभर खेळ ठेवायचा, जो चाक फ्रेममध्ये आवळल्यावर नाहीसा होईल. बाहेर असतानाच पूर्ण घट्ट केलं तर बेअरिंग भरडलं जातं.

आणखी एक, जी स्वस्तातल्या माउंटन बाइकवर हमखास सापडते. तुमच्या हबवर कॅसेट आहे की आट्यांवर चढणारं फ्रीव्हील? चाक बाहेर काढून स्प्रॉकेट उलटी फिरवा. मधल्या अवजाराच्या खाचा स्प्रॉकेटबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, फ्रेमपासून बरंच लांब असतं आणि अ‍ॅक्सलचा मोठा भाग आधाराविना राहतो. उड्या आणि दगडांवर तो वाकतो. क्विक रिलीजची सळई काढून अ‍ॅक्सल बोटांनी फिरवा. टोक गोल फिरताना डुलत असेल तर अ‍ॅक्सल वाकलाय. तो बदलता येतो, पण तशाच वापरात परत वाकेल. वाकलेला अ‍ॅक्सल वारंवार येत असेल तर माझ्या मते कॅसेट हबचं चाक घेण्याचं हे सगळ्यात रास्त कारण आहे, कारण त्यात उजवं बेअरिंग फ्रेमच्या जवळ सरकलेलं असतं.

पाचवी: कॅसेटच्या मागे डोकवा

मोठ्या स्प्रॉकेटवरून चेन आत घसरून स्पोकवर पडली असेल तर उजव्या बाजूच्या बाहेरच्या स्पोकवर, बाकाच्या थोडं पुढे, ओरखडे आणि खाचा असतात. खाच पडलेला स्पोक आज ना उद्या तिथेच तुटतो, कारण सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो. उजवे स्पोक एकामागून एक तुटत असतील तर टॉर्च घेऊन इथे नक्की बघा. तेव्हा नुसते स्पोक बदलून भागत नाही, चेन का घसरली ते आधी काढावं लागतं. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलेला असतो किंवा आतल्या बाजूचा मर्यादा स्क्रू सैल असतो. बाइक उजव्या बाजूवर पडली की हँगर वाकतो, आणि वाकलेल्या हँगरवर स्क्रू कितीही जुळवला तरी चेन कधीतरी आत जाणारच. हँगर आधी सरळ, मग स्क्रू.

सहावी: भेगा

चाक धुवून, पुसून कोरडं करा. रिमवर प्रत्येक निपलच्या छिद्राभोवती बघा, बारीक केसासारख्या रेषा किंवा धातू फुगल्यासारखा दिसतो का. रिमचा जोड बघा. हबच्या कडेवर, स्पोकच्या छिद्रापासून बाहेरच्या काठाकडे जाणारी भेग आहे का ते बघा. यातलं काहीही सापडलं तर पुढच्या तपासण्या करू नका. भेग गेलेल्या रिमला ताण देता येत नाही, आणि ताण न देता ती चालवता येत नाही. चाक बाइकवरून उतरवा.

सातवी: स्पोक बदलणं आणि ताण देणं

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि स्पोक बाकावरच तुटत असतील, तर काम चाक पिळण्याचं आहे. शांतपणे बसून, वेळ काढून करायचं काम आहे हे.

स्पोकची लांबी बाकाच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजा. त्याच बाजूचा, त्याच चाकातला शाबूत स्पोक काढून मोजलात तर चूक होणार नाही. डावी आणि उजवी लांबी वेगळी असू शकते. उजवा स्पोक घालायला कॅसेट काढावी लागते: चेन व्हिप (कॅसेट फिरू न देणारं अवजार) आणि लॉकरिंगचं अवजार. डाव्यासाठी रोटर. रोटरला तेलाचे हात लावू नका, आणि चाक बाहेर असताना हायड्रॉलिक ब्रेकची लिव्हर दाबू नका. पिस्टन बाहेर येतात. पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवून ठेवा.

निपलचा पाना बरोबर मापाचा हवा. ३.२३ मिमी आणि ३.४५ मिमी ही दोन मापं नेहमी भेटतात आणि डोळ्यांना सारखीच दिसतात. मोठा पाना लहान निपलवर चढवला की कडा गोल होतात आणि मग ते निपल कशानेच फिरत नाही. आधी प्रत्येक निपलच्या आट्यांवर पातळ तेलाचा थेंब सोडा.

दिशा: टायरच्या बाहेरून हबकडे बघत निपल घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवलं तर घट्ट होतं. एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण ०.४५ मिमी. आऊट काढताना पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी कधीच नाही. स्टँड नसेल तर फ्रेमला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमच्या जवळ आणा, तेवढा काटा पुरतो. रिम डावीकडे जात असेल तर तिथले उजवे घट्ट करा. फक्त ते उजवे आधीच आजूबाजूच्यांपेक्षा जास्त ताणलेले असतील, तर त्याऐवजी डावे सैल करा. म्हणजे आऊट काढतानाही कान सुरावर हवा. चाक सरळ झालं पण ताण असमान राहिला, तर ते चाक सरळ राहणार नाही. वारंवार परत येणाऱ्या चाकांमध्ये मला हेच सापडतं: रिम नजरेला सरळ असते, पण एक स्पोक ताडताड वाजतो आणि त्याच्या शेजारचा मुका असतो.

सगळंच चाक ढिलं असेल तर व्हॉल्व्हपासून सुरू करून प्रत्येक निपल अर्धा फेरा, मग आऊट काढायचा, मग परत अर्धा फेरा. निपल फिरवताना स्पोकही थोडा पिळला जातो, म्हणून जरा पुढे नेऊन तेवढंच मागे आणायचं. दोन्ही बाजू सारख्याच फिरवल्या तर मागची रिम हळूहळू डावीकडे सरकते, कारण डावे स्पोक तिरपे असल्यामुळे जास्त ओढतात. रिमपासून फ्रेमच्या दोन्ही बाजूंचं अंतर मोजत राहा. काही फ्रेममध्ये मागचा भाग मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो, त्यांच्यासाठी हे माप चालत नाही. तिथे डिशिंग गेज (रिम हबच्या मध्यावर आहे का ते दाखवणारं अवजार) लागतो.

किती ताण द्यायचा? बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम रिमला उजव्या बाजूला १०० ते १२० किलो ताण चालतो, पण शेवटचा शब्द रिम बनवणाऱ्याच्या मर्यादेचा. टेन्शन मीटर असेल तर एका बाजूच्या स्पोकमधला फरक २० टक्क्यांच्या आत आणा. मीटर नसेल तर चांगल्या बांधलेल्या, तशाच मापाच्या दुसऱ्या चाकाच्या सुराशी तुलना करा.

शेवटी हातमोजे घालून समांतर स्पोकच्या जोड्या मुठीने जोरात दाबा, पूर्ण चाकभर. पिळलेले स्पोक सुटून 'टिक टिक' आवाज येतील आणि बाक हबच्या कडेवर नीट बसतील. हे टाळलं तर तेच काम रस्त्यावर होतं आणि पहिल्याच फेरीत चाक आऊट जातं. दाबून झालं की परत एकदा आऊट काढा. डिस्कच्या माउंटन बाइकला अर्ध्या मिलिमीटरच्या आत आलं की भरपूर झालं. त्याच्या मागे लागून ताण बिघडवू नका.

कधी थांबायचं आणि कुशल मेकॅनिककडे न्यायचं

एकाच बाजूचा तिसरा स्पोक बाकावर तुटला असेल तर एकेक बदलणं थांबवा. उरलेल्यांनीही तेवढेच किलोमीटर सोसलेत आणि त्यांच्यातही भेगा सुरू झालेल्या असणार. तिथे निदान त्या बाजूचे सगळे स्पोक नवे घालून चाक पुन्हा बांधायला हवं. बांधणी हे शिकण्यासारखं काम आहे, पण डोंगरउतारावर भरवसा ठेवायच्या चाकावर ते पहिल्यांदा शिकू नये.

रिम किंवा हबला भेग, निपलं गंजून जाम झालेली, कार्बनची रिम, किंवा एखादी जागा सरळ करायला शेजारच्या स्पोकपेक्षा दुप्पट ताण द्यावा लागणं, म्हणजेच रिमच वाकलेली, यातलं काहीही असेल तर घरी पुढे जाऊ नका. शेजारशेजारचे दोन स्पोक तुटले असतील तर बाइक चालवत नेऊ नका, ढकलत न्या. फेरीवर असताना एकच तुटला तर तो शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळा म्हणजे डिरेलरमध्ये अडकणार नाही. चाक फ्रेमला घासत असेल तर तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंचे, विरुद्ध कडेचे स्पोक अर्धा फेरा सैल करा आणि हळू घरी या.

नवं चाक घ्यायचंच ठरलं तर

वारंवार स्पोक तोडणाऱ्या स्वाराने हलकं चाक शोधू नये. ३२ स्पोक, तीन छेदांची बांधणी (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना छेदून जातो) आणि पितळी निपलं बघा. वजन जास्त असेल किंवा सामान लादून फिरत असाल तर ३६. स्पोक २.०-१.८-२.० मिमी असे, मधे बारीक केलेले मिळाले तर तेच घ्या. बारीक स्पोक जाड स्पोकपेक्षा लवकर तुटेल असं वाटतं, पण प्रत्यक्षात मधला बारीक भाग थोडा लवचिकपणे ताणला जातो आणि बाकावरचा झटका कमी होतो.

पुढची मापं जुळली नाहीत तर चाक बसणारच नाही, म्हणून मागवण्याआधी कागदावर लिहून काढा.

चाकाचा आकार: टायरच्या बाजूवर ५७-६२२ सारखा आकडा असतो. शेवटचे तीन अंक बघा: ५५९ म्हणजे २६ इंची, ५८४ म्हणजे २७.५ इंची, ६२२ म्हणजे २९ इंची.

अ‍ॅक्सल: मागे क्विक रिलीज असेल तर १३५ मिमी, थ्रू अ‍ॅक्सल असेल तर १४२×१२, बूस्ट (जास्त रुंद हबचा प्रकार) असेल तर १४८×१२. फ्रेमच्या दोन टोकांमधलं अंतर स्वतः मोजा, जाहिरातीतल्या नावावर जाऊ नका. १३५ आणि १४२ च्या हबमध्ये बऱ्याचदा फक्त टोकाच्या टोप्या बदलतात. बूस्टमध्ये मात्र स्पोक लागतात ती कड आणि रोटरही प्रत्येकी ३ मिमी बाहेर सरकतात, म्हणून तो वेगळा हब आहे. बूस्ट फ्रेम असेल तर तिचा फायदा चाकाला मिळतोच: कडा लांब असल्याने स्पोक जास्त तिरपे बसतात.

फ्रीहब बॉडी (हबचा कॅसेट बसते तो भाग): ८ ते ११ गिअरच्या बहुतेक माउंटन बाइक कॅसेट शिमानोच्या एचजी बॉडीवर बसतात, तिचं सगळ्यात लहान स्प्रॉकेट ११ दातांचं. १० दातांचं स्प्रॉकेट असेल तर बॉडी स्रॅमची एक्सडी किंवा शिमानोची २०१८ मध्ये आलेली मायक्रोस्प्लाइन असते. १२ गिअर दिसले म्हणून मायक्रोस्प्लाइन समजू नका. स्रॅमची एनएक्स ईगल १२ गिअरची असूनही एचजी बॉडीवर बसते. ७ गिअरचं फ्रीव्हील सोडून कॅसेट हबवर जात असाल तर ७ गिअरची कॅसेट ८ ते १० गिअरच्या बॉडीवर ४.५ मिमीचा स्पेसर घालून बसवता येते आणि शिफ्टर तोच चालतो.

रोटर: सहा बोल्ट की सेंटर लॉक (मधल्या एका रिंगने आवळणारा). सेंटर लॉकच्या हबवर अ‍ॅडॉप्टर घालून सहा बोल्टचा रोटर बसतो, उलट होत नाही.

रिमची आतली रुंदी: २.२५ ते २.४ इंची टायरला साधारण २५ मिमी, २.४ ते २.६ ला ३० मिमी. रुंद रिमवर टायर पसरतो, म्हणून फ्रेमच्या आत दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहतील ना, हे आधी मोजा.

वेग आणि पकड यांसाठीच चाक बदलायचं मनात असेल, चाकात दोष काही नसेल, तर आधी टायर बदलून पाहा. मातीवरचा फरक तिथे लगेच जाणवतो.

नवं चाक आलं की चालवण्याआधी तिसरी तपासणी त्याच्यावरच करा, जोड्या दाबून आणि स्पोक वाजवून. कारखान्यात यंत्राने बांधलेली चाकं बऱ्याचदा सरळ येतात, पण ताण कमी असतो आणि स्पोक दाबून बसवलेले नसतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर परत एकदा ऐका. सूर उतरलेला असेल तर अर्धा-पाव फेरा देऊन आऊट काढा, आणि महिन्याभराने पुन्हा हात फिरवून बघा.